परसातली रोपं दर पावसाळ्यात गोगलगायी फस्त करतात : चूक कुठे होते आणि काय करावं

जूनच्या मध्यावर लावलेली झेंडूची रोपं संध्याकाळी चार-चार पानांवर तरारलेली असतात आणि सकाळी नुसत्या काड्या उरतात. मिरचीचे शेंडे गायब, काकडीचा कोवळा वेल जमिनीपासून वितीवर तोडलेला, लाल माठाच्या वाफ्यात टक्कल पडलेलं. मग कोणी सांगतं राख टाक, कोणी म्हणतं चुना टाक. दोन दिवस बरे जातात, एक मोठी सर येते आणि पुन्हा तेच. पुढच्या जूनमध्ये पहिल्यापासून सुरुवात.

आमच्याकडे हे ओळीने चार पावसाळे चाललं. घर रत्नागिरीच्या उत्तरेला, समुद्राला लागून. मागे नारळ-पोफळींचं आगर आणि त्याच्या कडेने माझा भाजीचा तुकडा, जेमतेम दीड गुंठा. चार वर्षं मी रोपाभोवती काय टाकायचं याचाच शोध घेत होते. पाचव्या वर्षी तो नाद सोडला आणि गोगलगाय दिवसा कुठे असते याचा शोध घेतला. त्या वर्षी चतुर्थीला आमच्याच झेंडूची तोरणं लागली. जे कामाला आलं आणि जे नाही आलं, ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी खात्री करून घ्या

पानाला भोकं दिसली की सगळा दोष गोगलगायीला देऊ नका. अळी असेल तर पानावर किंवा खाली तिच्या काळ्या-हिरव्या लेंड्या पडलेल्या दिसतात. नाकतोडा पान कडेकडेने खातो. गोगलगाय मात्र कुठूनही, वेडीवाकडी खाते; कोवळं रोप असेल तर देठासकट नेते. तिच्या तोंडात किसणीसारखी जीभ असते, तिच्यावर हजारो बारीक दात असतात आणि पान चावण्यापेक्षा ती किसून काढते. म्हणून जून पानांवर कधी कधी आरपार भोक नसतं, वरचा हिरवा थर तेवढा खरवडलेला असतो.

चकाकणारी चिकट रेघ ही तिची ओळख, पण आपल्याकडच्या पावसात ती रेघ सकाळपर्यंत टिकत नाही. खात्रीचा उपाय एकच. पाऊस उघडल्यावर रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन परसात जा. पानांच्या खालच्या बाजू बघा, मांडवाचे खांब बघा. असेल तर दिसतेच.

आपल्या परसात त्रास देणाऱ्या मुख्यतः दोन. एक मोठी शंखी गोगलगाय, म्हणजे आफ्रिकन : लांबट टोकदार शंख, त्यावर तपकिरी पट्टे, बोटाएवढी सहज आणि कधी कधी हाताच्या मुठीएवढीही. दुसरी बिनशंखाची : काळपट, चपटी, चामड्याच्या तुकड्यासारखी, पाठीवर मधोमध फिकट रेघ. ही दुसरी कुंडीखाली इतकी सपाट होऊन बसते की कुंडी उचलली तरी पटकन ध्यानात येत नाही. दोघींचं मूळ आफ्रिकेत. बाकी बारीक, गोल, पातळ शंखाच्या गोगलगायी पातेऱ्यात दिसतात, त्यातल्या बऱ्याच इथल्याच असतात आणि कुजलेला पाला, बुरशी खाऊन राहतात. त्यांना मारायचं कारण नाही.

मोठी शंखी आपल्या देशात आली ती १८४७ साली. बेन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशसहून आणून ती कलकत्त्याला एका बागेत सोडली असं नोंदलेलं आहे. तिथून ती देशभर पसरली. २०२२ च्या जुलैत लातूर, बीड, उस्मानाबादकडे तिने सोयाबीनची उगवण शेतंच्या शेतं खाल्ली आणि लोकांना दुबार पेरणी करावी लागली, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. तिकडच्यासारख्या कोरड्या मुलखात ती एवढं करू शकते, तर कोकणातला चार महिन्यांचा पाऊस म्हणजे तिला माहेरच.

आमच्या आगरात ती कशी आली हे मला नक्की ठाऊक आहे. एका रोपवाटिकेतून मी जास्वंदीची सहा रोपं आणली होती. पिशव्यांतली माती तशीच खड्ड्यात गेली. तोवर आमच्याकडे मोठी शंखी कोणी पाहिली नव्हती; त्याच पावसाळ्याच्या शेवटी जास्वंदीच्या बुंध्याशी नखाएवढी पिल्लं दिसू लागली. म्हणून आता नवं रोप आणलं की पिशवी फाडून मातीचा गोळा आधी बघते. पिवळसर पांढरे, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे दिसले तर ती अंडी. खताच्या पांढऱ्या गोळ्या समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. फरक एवढाच की खताचा दाणा एकटा-दुकटा असतो, अंडी घोसाने असतात.

राख, चुना, मीठ, अंड्याची टरफलं

हे सगळे उपाय कोरड्या जागी थोडेफार चालतात. राख कोरडी असेपर्यंत तिच्या अंगाला चिकटते आणि ती मागे फिरते. पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. राखेचं कडं पहिल्या सरीत वाहून जातं. पडवीत, पागोळीच्या आत ठेवलेल्या कुंड्यांना राख जरूर घाला, उघड्या वाफ्यात घालून दमू नका.

चुन्याचं तर उलटच होतं. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, चुना तिच्यात फारच कमी. शंख वाढवायला गोगलगायीला चुना लागतो. म्हणून ती सिमेंटची टाकी, घराचं जोतं, तुळशीवृंदावनाची सफेदी चाटताना दिसते. कोरडी चुनाभुकटी तिला पोळते हे खरं, पण भिजून विझलेला चुना तिला अडवू शकत नाही. भुकटी टाकायचीच असेल तर उघडीप बघून, आणि पाऊस पडला की पुन्हा टाकायची तयारी ठेवून.

मीठ वाफ्यात कधीच टाकू नका. गोगलगाय मरते, कारण मीठ तिच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. ते रोपाच्या मुळांचंही तेच करतं. मी दुसऱ्या वर्षी वांग्याच्या रोपांभोवती मीठ घातलं होतं. रोपांच्या पानांच्या कडा आठवड्यात करपल्या.

अंड्याच्या टरफलांचा उपाय फार लोकप्रिय आहे. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये टरफलं, तांब्याची पट्टी, खडी, झाडाच्या सालीचे तुकडे आणि लोकरीच्या गोळ्या असे पाच अडथळे लेट्यूसभोवती घालून तपासले. कशानेही नुकसान म्हणण्यासारखं कमी झालं नाही. टरफलं कुटून खतात घाला, तिथे ती उपयोगी पडतील.

दिवसाचा मुक्काम

चौथ्या वर्षी मी रडकुंडीला येऊन रोपांजवळ उभी होते. सासूबाई पडवीतून म्हणाल्या, "अगो, रात्री येत्ये ती दिवसा कुठे जात्ये ते बघ आधी. रोपाशी काय बघत्येस?"

हेच खरं कारण आहे. गोगलगायीचं अंग सदा ओलं राहावं लागतं. ऊन आणि वारा तिला सोसत नाही. म्हणून ती रात्री खाते आणि उजाडायच्या आत कुठेतरी ओलसर सावलीत शिरते. बऱ्याचदा तीच जागा, रोज. आपण रोपाभोवती पहारा ठेवतो आणि तिचं घर तसंच राहतं.

आमच्याकडे ते घर म्हणजे गडगा निघाला. जांभ्याचे चिरे एकावर एक रचलेला, बिनमातीचा गडगा. त्याच्या सांध्यांतून हात जाईल एवढ्या फटी. मे महिन्यात एका दुपारी मी खालच्या ओळीतला एक सुटा चिरा ओढून काढला. आत अकरा शंख एकमेकांना टेकून बसलेले होते. तोंडं पांढऱ्या कडक पडद्याने बंद, जुन्या वाळलेल्या पापडाच्या तुकड्यासारखा पडदा. हलवलं तर आत काही नाही असं वाटावं इतके हलके. एक शंख मी ओल्या फडक्यावर ठेवला. तासाभरात पडद्याच्या कडेला ओल दिसली, मग फट, मग शिंगं. उन्हाळ्यात ती अशी स्वतःला कोंडून घेते आणि कित्येक महिने न खाता-पिता काढते. आपण समजतो की गेल्या वर्षीच्या मेल्या.

दुसरं ठिकाण न्हाणीच्या मागचं. तिथलं सांडपाणी अळवाला सोडलेलं, त्यामुळे बारा महिने ओल. तिसरं सोडणांचा ढीग. नारळ सोलले की सोडणं एका कोपऱ्यात टाकायची आमची पद्धत, जळणासाठी. ओल्या सोडणाची वाटी म्हणजे गोगलगायीला तयार खोलीच. चौथं सिमेंटची टाकी. टाकीच्या बाहेरच्या हिरव्या शेवाळावर बारीक नागमोडी नक्षी दिसली, एका मागोमाग एक अशा अर्धगोल ओरखड्यांची. ती तिच्या जिभेची खूण. पाऊस चिकट रेघ धुऊन नेतो, ही नक्षी मात्र राहते. ती जिथून सुरू होते तिथे खाली वाका, बहुतेक वेळा सापडते.

तुमच्या परसात जागा वेगळ्या असतील. रचून ठेवलेली कौलं, झापांची चवड, गायरीची (शेणखताच्या खड्ड्याची) कड, कुंड्यांची तळं, केळीची सुकलेली पानं, जमिनीला टेकलेली फळी. एक सकाळ या शोधासाठी काढा. वाफ्यापासून पंधरा-वीस पावलांच्या आत बघितलं तरी पुष्कळ होतं.

जागा सापडल्यावर सगळंच साफ करायला जाऊ नका. गडगा पाडता येत नाही आणि पाडूही नये. मी वाफ्यासमोरच्या गडग्याच्या खालच्या दोन ओळींतल्या फटी माती आणि चिऱ्याच्या कपच्यांनी बुजवल्या. सोडणांचा ढीग पडवीत, कोरड्यात नेला. फक्त पाच-सहा ओली सोडणं मुद्दाम वाफ्याच्या कडेला पालथी ठेवली. बाकीच्या जागा गेल्या की गोगलगायी तिथेच येऊन बसतात आणि रोज सकाळी सोडण उलटं करून वेचायचं काम दहा मिनिटांत होतं.

पहिले तीन आठवडे

मेमधल्या वळवाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर ती जागी होते. भुकेली असते आणि लगेच जोडीच्या मागे असते. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते, म्हणजे अंडी घालणार नाही अशी कोणी नाहीच. मोठी शंखी एका खेपेला शंभरापासून चारशेपर्यंत अंडी भुसभुशीत मातीत चार बोटं खोल घालते. ती एक ते अडीच आठवड्यांत फुटतात. पिल्लं सहा महिन्यांत अंडी घालण्याजोगी होतात.

आता हिशोब करा. मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात एक मोठी गोगलगाय उचलली तर शेकडो पिल्लं टळली. ऑगस्टमध्ये तीच उचलली तर तिची अंडी आधीच मातीत आहेत. मी चार वर्षं नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये जागी होत होते, रोपं गेल्यावर.

म्हणून पहिल्या सरीच्या रात्रीपासून तीन आठवडे, पाऊस उघडा असेल त्या प्रत्येक रात्री वेचायला जा. पाचव्या वर्षी पहिल्या रात्री मी ८३ वेचल्या, दुसऱ्या रात्री ६०, आठवड्याने वीसच्या आत. पंधराव्या रात्री ४ मिळाल्या. त्यानंतर रोपं वाफ्यात लावली. लावणी आठ-दहा दिवस उशिरा झाली, पण एकही वाफा पुन्हा लावावा लागला नाही.

उघड्या हाताने वेचू नका. या गोगलगायींत उंदरांच्या फुफ्फुसात वाढणारा एक जंत असू शकतो. तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातात घालून वेचा, नंतर साबणाने हात धुवा. पोरांना हौसेने शंख गोळा करायला पाठवू नका. आणि पावसाळ्यात माठ, मुळ्याचा पाला, कोथिंबीर पान-पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली धुवा. पिल्लू गोगलगाय अगदी बारीक असते आणि पानाच्या खाचेत चिकटून राहते. ज्या वाफ्यात तिचा वावर आहे तिथला पाला कच्चा खाऊ नका.

वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाका, बादलीवर झाकण हवंच, नाहीतर मोठ्या वर चढून बाहेर येतात. सकाळी दोन फूट खोल खड्ड्यात पुरा, वर थोडा चुना आणि माती. ते पाणी वाफ्याकडे जाऊ देऊ नका. शेजारच्या पडीक जागेत जिवंत फेकून देणं हा उपाय नाही, आठवड्यात ती परत येते. पायाखाली चिरडून तिथेच टाकली तर माश्या आणि घाण.

आमिष

रोज रात्री वेचणं जमणार नसेल तर गोणपाट वापरा. दहा लिटर पाण्यात एक किलो गूळ विरघळवायचा, जुनं बारदान त्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यांच्या मधे पसरायचं आणि सकाळी ऊन चढायच्या आत उलटून वेचायचं. दीड गुंठ्याला तीन बारदानं मला पुरली. मुसळधार पावसात गूळ धुऊन जातो, त्यामुळे उघडिपीची रात्र निवडा.

गुळापेक्षा स्वस्त म्हणजे पपईची साल आणि फणसाची चारखंडं. जूनमध्ये फणस संपत आलेला असतो आणि चारखंडं अशीही गुरांपुढे किंवा गायरीत जातात. चार-पाच तुकडे पालथ्या सोडणाखाली ठेवा. पपईवर ती जेवढी येते तेवढी दुसऱ्या कशावर आलेली मी पाहिली नाही. आंबलेल्या वासालाही ती येते. नारळाच्या माडीचा (आंबलेल्या रसाचा) तळ उरला असेल तर उथळ वाटीत ओतून वाटी मातीत काठापर्यंत पुरून बघा, बिनशंखाच्या जास्त पडतात.

विषारी गोळ्या

मेटाल्डिहाईड अडीच टक्के असलेल्या गोळ्या कृषी दुकानात मिळतात. त्या काम करतात. पण घराच्या परसात त्या टाकायच्या आधी दोनदा विचार करा. त्यांना कोंड्याचा वास असतो, कुत्री आणि गुरं आवडीने खातात. कुत्र्याला लाळ, थरथर, झटके येतात आणि यावर नेमका उतारा नाही. लगेच पशुवैद्याकडे नेणं एवढंच हातात असतं. ब्रिटनने २०२२ पासून या गोळ्यांचा उघड्यावरचा वापर बंद केला तो पशुपक्ष्यांच्या याच धोक्यामुळे.

वापरायच्याच असतील तर माप पाळा. राज्यात शेतीसाठी दिलेला सल्ला एकरी दोन किलोचा, म्हणजे गुंठ्याला जेमतेम ५० ग्रॅम. परसातल्या दीड गुंठ्यात लोक अर्धा किलोचं पाकीट रिकामं करतात, तिथेच घात होतो. गोळ्या उघड्यावर टाकल्या तर एका पावसात फुगून बुरशी येते. नळाचा हातभर तुकडा आडवा ठेवून त्याच्या मध्यभागी चार-पाच गोळ्या ठेवा. त्या कोरड्या राहतात, कुत्र्याचं तोंड पोचत नाही. भाजीला चिकटतील अशा ठिकाणी नकोतच. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या मिळाल्या तर त्या घ्या, जनावरांना त्यांचा धोका बराच कमी. त्या खाल्ल्यावर गोगलगाय खाणं थांबवते आणि काही दिवसांनी आपल्या बिळातच मरते, त्यामुळे सकाळी मेलेल्या दिसल्या नाहीत म्हणून आणखी टाकू नका.

मी स्वतः वापरत नाही. एक कारण आमचा कुत्रा, दुसरं कारण कुकुडकोंबा. गडग्यावर रोज येणारा हा लाल पंखांचा भारद्वाज शंख चिऱ्यावर आपटून गोगलगायी खातो. आणि मेअखेरीस आगराच्या कडेला काजवे चमकतात, त्यांच्या अळ्या महिनोन्महिने गोगलगायींवरच वाढतात. आपल्या बाजूने काम करणाऱ्यांच्या ताटात विष वाढायला माझं मन होत नाही.

रोपं वाचवायची ती अशी

रोपं वितभर होईपर्यंत जमिनीवर ठेवूच नका. पडवीत टेबलावर रोपं तयार करा आणि टेबलाचे पाय मिठाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवा, दुधा-तुपाच्या कपाटाला मुंग्यांसाठी ठेवतो तसे. टेबल भिंतीला टेकता कामा नये. वाफ्यात लावताना सकाळी लावा.

पपई, लिंबू, शेवगा अशा झाडांच्या बुंध्यावर ती चढते. पोफळीच्या कोळेरोगासाठी मोरचूद आणि चुना बहुतेक आगरांत असतोच. त्यातलाच १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम चुना अर्धा लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे कालवून मग एकत्र करा. हे बोर्डो मलम मेमध्ये, खोड कोरडं असताना, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत ब्रशने लावा. तांब्याच्या पट्टीला ती जुमानत नसली तरी मोरचुदातलं तांबं तिला सोसत नाही. झाडाची फांदी गडग्याला टेकलेली असेल तर आधी ती छाटा, नाहीतर गोगलगाय वरून येते.

पाऊस गेल्यावरचं एक काम बहुतेकांकडून राहून जातं. ऑक्टोबरच्या उन्हाने माती वाळू लागली की मोठ्या गोगलगायी परत गडग्याकडे सरकतात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत संध्याकाळचं शिंपण बंद करून सकाळी पाणी द्या. रात्रीची ओल मिळाली नाही तर त्या लवकर आडोशाला जातात. एक कोपरा मात्र मुद्दाम ओला ठेवा. तिथे पपईची साल टाका आणि आठ-दहा रात्री वेचा. गेल्या ऑक्टोबरात मला तिथे २६ मिळाल्या, आणि या मेमध्ये तोच चिरा काढून बघितला तेव्हा आत दोनच शंख होते.